धावत्या गाडीचा काटा

आमच्या लहानपणी उसाचा हंगाम सुरू झाला की गावातल्या बैलगाड्यांची रांग कारखान्याच्या वाटेला लागे. एकदा तात्यांबरोबर मीही मोळ्यांवर बसून गेलो होतो. वाटेत तात्यांनी पदरचे पैसे मोडून एका खासगी भुईकाट्यावर गाडी तोलून घेतली आणि चिठ्ठी बंडीच्या खिशात जपून ठेवली. पुढे तीच गाडी दुसऱ्या काट्यावर चढली आणि आकडा कमी भरला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मागे रांग खोळंबली होती. परतताना तात्या एवढेच म्हणाले, "लेका, काटा खोटा असेल असं मी म्हणत नाही. पण दोन काटे एका बोलीत बोलत नसले, की मधल्यामधे मरतो तो शेतकरीच."

परवा महामार्गावरून एसटीने जाताना ते शब्द आठवले. टोलनाक्यावर मालाने लादलेला एक ट्रक क्षणभरही न थांबता रस्त्यात बसवलेल्या पट्टीवरून गेला, आणि बाजूच्या फलकावर त्याचे वजन उमटले! आपल्या वाण्याच्या तराजूची दांडी स्थिर होईपर्यंत आपण श्वास रोखून पाहतो, आणि इथे तर माल, गाडी, चालक, सारेच धावत असताना वजन! या वजनावर कुणाला दंड होणार असेल, तर ते खरे कशावरून? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याइतका तो चविष्टही आहे.

गाडी तोलण्याची गरज प्रथम व्यापाराला लागली हे खरे, पण कायद्याला ती लागली रस्त्यांच्या काळजीपोटी. अठराव्या शतकात इंग्लंडात पथकराचे नाके होते. जड गाड्यांची चाके चिखलात खोल चर पाडीत, म्हणून 1741 साली पार्लमेंटने नाक्यांवर वजनयंत्रे उभारण्याची परवानगी दिली आणि जादा भारावर जबर आकार बसवला. ती यंत्रे म्हणजे अवाढव्य तराजूच. घराच्या भिंतीतून एक लांब दांडी बाहेर आलेली असे. तिला साखळ्यांनी अख्खी गाडी बांधून अधांतरी उचलायची! सफोक परगण्यातील वुडब्रिज गावी असा एक काटा अजून उभा आहे.

ही कसरत थांबवली जॉन वायट या कल्पक माणसाने. त्याच शतकाच्या मध्याला त्याने जमिनीखाली तरफांची अशी जुळणी केली की गाडी फळीवर नुसती उभी केली तरी वजन कळावे. पुढे अमेरिकेत व्हरमाँट राज्यातील सेंट जॉन्सबरी गावच्या थॅडियस फेअरबँक्सला ताग-अंबाडीसारख्या हेंपच्या गाड्या तोलण्याची अडचण आली, आणि 1831 मध्ये त्याने आपल्या फळीकाट्याचे पेटंट घेतले. आपला भुईकाटा याच कुळातला.

काटा सुधारला, पण मापांचे काय? नाव एक आणि वजन निराळे, हा घोळ आपल्याकडे तर घरोघरी होता. मुंबईचा मण 28 पौंडांचा, मद्रासचा 25 पौंडांचा आणि बंगालचा 82 पौंडांहून थोडा अधिक! शब्द एकच, पण मुंबईचे तीन मण एकत्र केले तरच बंगालचा एक मण भरायचा. स्वतंत्र भारताने 1956 साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा केला, 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅम बाजारात आणायला प्रारंभ केला, आणि हळूहळू शेर-मण आजीच्या गोष्टीत गेले. जगातही तेच वारे होते. 1955 साली पॅरिसमध्ये कायदेशीर मापनाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. एका देशाने खरा ठरवलेला काटा दुसऱ्या देशातही खरा मानला जावा, यासाठी तिचा खटाटोप.

इतके झाले तोवर गाड्या बदलल्या होत्या. बैल आणि घोडे गेले, ट्रक आले, आणि एकेका ट्रकला भुईकाट्यावर उभे करायचे तर मैलमैल रांगा लागणार. 1952 साली अमेरिकेच्या रस्ते खात्यातील नॉर्मन आणि हॉपकिन्स या दोघा अभियंत्यांनी एका प्रयोगाचा वृत्तांत छापला. रस्त्यात काँक्रीटची एक लादी बसवायची, तिच्याखाली ताण मोजणाऱ्या बारीक तारांच्या जुळण्या ठेवायच्या आणि वाहन वरून धावत जाऊ द्यायचे! भार पडला की तार किंचित ताणते, तिचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलावरून वजन कळते.

हे वजन इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ मिळाले. तिथे 1958 ते 1960 अशी दोन वर्षे, मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करातले चालक रात्रंदिवस ट्रक फिरवीत राहिले. निष्कर्ष असा निघाला की आसावरचा भार वाढला, की रस्त्याची हानी साधारण त्याच्या चौथ्या घातानुसार वाढते. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे फळ्यावर करून दाखवतो. भार दुप्पट, तर हानी दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे सोळापट! भार फक्त पाचव्या हिश्शाने वाढवला, तरी हानी दुपटीवर जाते. एकाने चार पोती चोरून जास्त लादावीत आणि खड्ड्यात मात्र गावाने पडावे, असा हा हिशेब आहे.

पण धावती गाडी वजन सांगताना लबाडी करते. आणि गंमत अशी की त्यात चालकाचा काही दोष नसतो. ट्रक स्प्रिंगांवर हिंदकळत जातो. एका क्षणी चाक रस्त्यावर जोरात दाबते, दुसऱ्या क्षणी हलके होते. ताशी 80 किलोमीटरने जाणारे चाक अरुंद पट्टीवर सेकंदाच्या काही शतांश भागापुरतेच टेकते. ते उसळीच्या माथ्यावर टेकले तर वजन कमी, पायथ्याशी टेकले तर जास्त. रस्ता खडबडीत असेल, तर चांगल्यातली चांगली पट्टीही फसते.

त्याहून मोठा पेच असा: उभ्या काट्याची परीक्षा घ्यायला प्रमाणित वजने आहेत, निरीक्षक येतो, वजने ठेवतो, शिक्का मारतो. धावणारे किलो मात्र कुठल्या कपाटात ठेवणार? मग युक्ती काढली गेली. आधी ट्रकच उभ्या काट्यावर काळजीपूर्वक तोलायचा, आणि नंतर तोच ट्रक पट्टीवरून निरनिराळ्या वेगांनी, कधी भरलेला, कधी रिकामा, पुन्हा पुन्हा न्यायचा. प्रत्येक फेरीत चूक किती, ते लिहून ठेवायचे.

युक्ती सगळ्यांची एकच, पण हिशेबाची रीत ज्याची त्याची. एक कारखानदार सरासरी चूक सांगे, दुसरा सर्वांत मोठी. घेणाऱ्याने तुलना करायची कशी? तात्यांचे दोन काटे इथे पुन्हा भेटले! अमेरिकेत 1990 साली पहिले सर्वमान्य प्रमाण छापले गेले. त्याने काट्यांचे प्रकार पाडले, आणि पहिल्या प्रकाराला अट घातली की शंभरात 95 गाड्यांचे एकूण वजन दहा टक्क्यांच्या आत बरोबर आले पाहिजे. काट्याबरोबर रस्ता किती सपाट असावा, हेही त्यात आले. युरोपातील अनेक देशांनी 1993 ते 1998 या काळात एकत्र काम केले. निरनिराळ्या कारखानदारांचे काटे एकाच रस्त्यात शेजारी शेजारी बसवून त्यांची परीक्षा घेतली; कधी फ्रान्सच्या गजबजलेल्या हमरस्त्यावर, कधी स्वीडनच्या उत्तरेला लुलेओच्या बर्फात. त्यातून अचूकपणाच्या इयत्ता ठरल्या, अगदी शाळेसारख्या. पुढे पॅरिसच्या त्या संघटनेनेही चालत्या वाहनांच्या काट्यांसाठी 134 क्रमांकाची शिफारस काढली. तिच्यात एकूण वजनासाठी 0.2 पासून 10 पर्यंत वर्ग आहेत आणि आसाच्या भारासाठी निराळे.

या वर्गवारीतला न्याय मला फार आवडतो. दहा टक्के चुकू शकणारा काटा वाईट नव्हे. त्याने फक्त संशयित गाडी बाजूला काढावी, आणि निकाल उभ्या काट्याने द्यावा. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी अशीच रीत आहे. चेक प्रजासत्ताकासारख्या देशाने मात्र धावत्या काट्यावरच थेट दंड करायचे ठरवले, आणि म्हणून त्या काट्याची परीक्षाही तशीच कडक ठेवली. ज्याच्या शब्दावर शिक्षा होणार, त्याची साक्ष जास्त तपासली पाहिजे, हे तर आपल्या पंचायतीलाही ठाऊक होते.

आपल्याकडे 2018 साली चार टायरांच्या एका आसावरचा परवानगीचा भार 10.2 टनांवरून 11.5 टन झाला. 2019 च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा ठरला. वीस हजार ही रक्कम चालकाच्या घरी काय उलथापालथ करते, ते सांगायला नको. पुष्कळदा माल लादणारा गादीवर बसलेला असतो आणि नाक्यावर हात जोडून उभा राहतो तो चालक. त्याला हे म्हणता आले पाहिजे की काटा तपासलेला आहे, आणि या नाक्यावरचा टन पुढच्या नाक्यावरही टनच राहील.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेत वह्यांशेजारी तराजू मांडून त्यालाही हळदकुंकू वाहतात. लहानपणी मला नवल वाटे, की लोखंडाच्या दांडीला कसला नमस्कार? आता वाटते, तो नमस्कार दांडीला नसतो. देणारा आणि घेणारा यांच्यामधल्या विश्वासाला असतो. तात्या आज नाहीत. असते तर त्यांना त्या टोलनाक्यावर नेले असते आणि ती पट्टी दाखवली असती. त्यांनी बंडीच्या खिशावर हात ठेवून पहिला प्रश्न हाच विचारला असता, "हा काटा शेवटचा तपासला कधी, आणि कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काट्याशेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे, एवढीच या दिवाळीला इच्छा.