साठच्यात बसणार नाही

वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याला धुकं दाटलंय आणि मोबाइलला रेंज नाही. आधीच उतरवून ठेवलेला, ‘ॲट द गेट्स’ या स्वीडिश मेटल बँडचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ हा अल्बम तू लावतोस. पहिल्या गाण्यातच वाटतं, हे ऐकलंय आपण. ऐकलंयस खरंच. २००० नंतरच्या अमेरिकन मेटलकोअर बँडांनी या रिफ इतक्या उचलल्या की तुझ्या कानांवर नक्कल आधी आली, मूळ आत्ता येतंय. इलाज एकच, कान १९९५चे करून घे.

स्वीडन, गॉथेनबर्ग, १९९५चा उन्हाळा. रात्रीचे नऊ वाजून गेलेत, तरी बाहेर लख्ख उजेड. स्टुडिओ फ्रेडमनमध्ये फ्रेडरिक नॉर्डस्ट्रॉम ध्वनिमुद्रण करतोय. अँडर्स आणि योनास ब्योर्लर, २२ वर्षांचे जुळे भाऊ. एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे बेस. बँडच्या १९९२च्या पहिल्या अल्बममध्ये व्हायोलिनसुद्धा होतं, आणि गाणी वरंधा घाटासारखी, एक वळण संपलं की दुसरं. ते सगळं आता छाटलंय. बहुतेक गाणी तीन-साडेतीन मिनिटांत आटोपतात. गायक टॉमस लिंडबर्ग शिरा ताणून ओरडतो, त्याच्या गळ्यात सूर शोधू नकोस. तो सगळा गिटारींकडे सोपवलाय. ‘कोल्ड’मध्ये ‘किंग डायमंड’चा गिटारवादक अँडी लारॉक पाहुणा येतो आणि थोडंसंच वाजवून जातो. माझ्या मते अख्ख्या अल्बममधली सर्वांत देखणी जागा तीच.

तोंडावर आलेलं गिळून टाक. पुढच्या वर्षी बँड फुटणार, २००८ मध्ये पुन्हा स्टेजवर येणार, हे सांगितलंस तर हसतील. टॉमसचं २०२५ मधलं जाणं तर सांगूच नकोस.

गुपचूप एक कॅसेट भरून घे आणि १४ नोव्हेंबरला भोरच्या एसटी स्टँडवर उतर. अल्बम आज बाहेर पडतोय, अर्थात इथे नव्हे. इथे बालदिन आहे आणि कॅसेटच्या दुकानात ‘रंगीला’ जोरात आहे, शेजारी नुकताच आलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’. दुकानदार तुझी कॅसेट लावतो. सुरुवातीची घरघर ऐकून लगेच बंद करतो, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसतो, पुन्हा लावतो. घरघर तशीच.

“असंच आहे ते,” तू म्हणतोस.

“असंच?”

तो वाजू देतो. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देतो, मधेच कान टवकारतो. “हा कुणाशी भांडतोय कळत नाही. पण चाल आहे हो याला. भरून ठेवू एक? किती मिनिटांचं?”

“चौतीस.”

“मग साठच्यात एका बाजूला नाही बसायचं. नव्वदची घेतो. अन् दुसऱ्या बाजूला ‘रंगीला’ टाकू?”