ठेवींचा आकडा आणि गोमंतकाची अर्थव्यवस्था

व्यापारी बँकांतील ठेवींच्या बेरजेवरून एखाद्या प्रदेशाच्या आर्थिक स्थितीचे अनुमान करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. उत्पादनाचे आकडे उशिरा व तुटक मिळतात. ठेवींचे आकडे बँकांच्या वह्यांतून नियमाने हाती येतात. तेव्हा हा मोह स्वाभाविकच होय. परंतु हे माप गोमंतकाला लावून पाहिले असता ते नेमके कशाचे मोजमाप करते, याविषयी शंका उत्पन्न होते.

लिस्बन येथे १८६४ मध्ये स्थापन झालेल्या बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेची शाखा १८६८ मध्ये पणजीत उघडली. १९०६ पासून तिच्या नोटाही तेथे चलनात आल्या. या बँकेच्या वह्यांत शासन आणि व्यापारी यांचे व्यवहार दिसतात. सामान्य कुटुंबाची मिळकत मात्र निराळ्याच वाटेने येत होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले, जुने धंदे खालावले, आणि आधीच सुरू असलेल्या स्थलांतरास वेग आला. बार्देश व साष्टी येथील माणसे मुंबईस, पुढे पूर्व आफ्रिकेत आणि इराणच्या आखातात गेली. त्यांनी पाठविलेल्या पैशातून घर बांधले गेले, जमीन घेतली गेली, सोने घडविले गेले. बँकेत ठेव म्हणून त्यातील थोडाच भाग राहिला असावा.

अडीअडचणीला हेच सोने तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढले जाई. म्हणजे कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीची नोंद वहीच्या ठेवींच्या बाजूस न होता कर्जाच्या बाजूस, तारण म्हणून होत असे. 'ठेव' हा शब्द 'ठेवणे' या क्रियापदावरून आलेला आहे. विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू हा त्याचा साधा अर्थ, व्याजाची कल्पना त्यात अंगभूत नाही. या अर्थाने पाहता ते दागिने ठेवच होते, हिशेबनिसाने त्यांना काहीही म्हटलेले असो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्याच्या थोडे आधी हे तारणाचे सोने लिस्बनला हलविण्यात आले होते. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९७४ च्या अखेरीस पूर्ववत झाले. दागिने परत यावयास १९९१ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत कित्येक मूळ मालक निवर्तले. ठेवींच्या कोणत्याही आकडेमालिकेत या हानीचा मागमूस लागत नाही.

मुक्तीनंतर भारतीय बँका आल्या. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर शाखा वाढल्या. खनिजाची निर्यात, आखातातून येणारा पैसा आणि पुढे पर्यटन यांमुळे दरडोई ठेवींत गोवा देशातील अग्रेसर प्रदेशांत गणला जाऊ लागला. याच काळात ठेवींशी कर्जाचे प्रमाण मात्र अखिल भारतीय प्रमाणाहून बरेच खाली राहिले. गावाने साठविलेला पैसा गावात गुंतला नाही, असाच याचा अर्थ करावा लागतो. १९७२ पासून संकलित होणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या मूलभूत सांख्यिकीत कर्ज कोठे मंजूर झाले आणि कोठे वापरले गेले, अशा दोन्ही नोंदी असतात; ठेव मात्र ज्या शाखेत खाते, तेथलीच समजली जाते. ती कुवेतमध्ये मिळविलेली की डिचोलीत, हे आकडा सांगत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा या मापाची अनायासे परीक्षाच झाली. राज्याचे उत्पन्न घटले, सत्तरी, सांगे व डिचोली या तालुक्यांतील रोजगार बुडाला, मांडवी-जुवारीतील बार्जी नांगर टाकून बसल्या. बँकांतील ठेवी मात्र वाढतच राहिल्या. केवळ त्यांवर विसंबणाऱ्या अभ्यासकास त्या वर्षी गोव्यात काही घडले असे वाटलेच नसते. कर्जाच्या वह्यांत मात्र ते दिसत होते: ट्रकांचे आणि बार्जींचे हप्ते थकले होते, आणि राज्य शासनाला त्या कर्जदारांसाठी साहाय्याची योजना आखावी लागली.