जोडीदाराला एडीएचडी आहे? मग ‘लक्षच देत नाही’ या भांडणाचं मूळ समजून घ्या

“अहो, सोसायटीच्या हप्त्याची आज शेवटची तारीख होती. सकाळी सांगितलं होतं ना?”

“विसरलो गं.”

“मॅचचा स्कोअर बरा लक्षात राहतो!”

फुलंब्रीच काय, कुठल्याही गावातल्या घरात हा संवाद ऐकू येईल. कधीतरी विसरणं सगळ्यांचंच होतं. पण हेच रोज होत असेल, लहानपणापासून होत असेल आणि माणूस स्वतःही त्याला वैतागला असेल, तर कारण निष्काळजीपणापेक्षा वेगळं असू शकतं. ते म्हणजे एडीएचडी.

एडीएचडी म्हणजे काय?

एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी संबंधित स्थिती आहे. लक्ष टिकवणं, कामाला सुरुवात करणं, वेळेचा अंदाज घेणं आणि मनातली ऊर्मी आवरणं यात अडचण येते. हा फक्त लहान मुलांचा प्रश्न नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार, लहानपणापासूनचा एडीएचडी मोठेपणीही टिकलेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे २.६ टक्के आहे.

मग मॅच कशी लक्षात राहते?

एडीएचडीमध्ये लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिकडे वळवता येत नाही. आवडीच्या गोष्टीत माणूस तासन् तास बुडून जातो, पण वीजबिल भरायचं राहून जातं. काय करायचं हे त्याला माहीत असतं, ते वेळेवर होत नाही. जोडीदाराला मात्र वाटतं, ‘याला माझी किंमतच नाही.’ संसारात खरी जखम इथे होते.

लग्नानंतरच का लक्षात येतं?

बघण्याच्या कार्यक्रमात हे दिसत नाही. लग्नाआधी मुलाला उठवणं, डबा हातात देणं, कागदपत्रं शोधून देणं हे आई करत असते. लग्नानंतर ते काम न सांगता बायकोकडे येतं. हळूहळू ती बायको कमी आणि आई जास्त होते. ती सतत आठवण करते, तो टाळतो किंवा खोटं बोलतो आणि दोघंही एकटे पडतात.

बायकोला एडीएचडी असेल तर चित्र आणखी कठीण होतं. तिला आठवण करून देणारं कुणी नसतं. दूध उतू गेलं, पाहुण्यांची तारीख चुकली की तिला ‘वेंधळी’ ठरवलं जातं. अनेक मुलींमध्ये धावपळीपेक्षा हरवलेपण जास्त असतं, त्यामुळे शाळेतही ते कुणाच्या लक्षात येत नाही.

निदान कसं होतं?

रक्त तपासून किंवा स्कॅन काढून एडीएचडी कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर बोलून निदान करतात. प्रचलित निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात आणि ती घर, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. नैराश्य, चिंता, अपुरी झोप, थायरॉइड यांमुळेही असाच त्रास होऊ शकतो. म्हणून रील बघून जोडीदारावर शिक्का मारू नका.

उपचारात समुपदेशन आणि गरजेनुसार मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमोक्सेटिन यांसारखी औषधं असतात. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत.

फुलंब्रीकरांसाठी जवळचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. तिथे मानसोपचार विभाग आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ‘गावात कळेल’ ही भीती असेल तर हे लक्षात ठेवा: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे.

घरात काय बदलता येईल?

- तोंडी नको, लिहून: स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच हप्ता आणि बिलाच्या तारखा लिहा. फोनमध्ये अलार्म ज्याचं काम आहे त्यानेच लावायचा.
- मदत नको, जबाबदारी: ‘सांगितलं की करतो’ यात आठवण ठेवण्याचं ओझं दुसऱ्यावरच राहतं. एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाचंच ठेवा.
- पैसे आपोआप: शक्य तिथे बिलं आणि हप्ते थेट खात्यातून जाऊ द्या.
- आठवड्यातून एक बैठक: रविवारी चहाच्या वेळी पंधरा मिनिटं पुढच्या आठवड्याची कामं ठरवा. भांडणाच्या भरात ठरवू नका.
- चारचौघांत पाणउतारा नको: सासरी-माहेरी त्यावरून विनोद केले की माणूस सुधारत नाही, लपवायला लागतो.

सगळं समजूनच घ्यायचं का?

नाही. एडीएचडी हे कारण आहे, सवलत नाही. ज्याला तो आहे, त्याने उपचार घेणं आणि चूक झाली की ती निस्तरणं ही त्याचीच जबाबदारी. मारहाण, धमक्या किंवा अपमान यांचं समर्थन कुठल्याही निदानाने होत नाही. असं होत असेल तर महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

सांभाळणाऱ्याचाही थकवा खरा असतो. तो बोलून दाखवणं म्हणजे तक्रार नव्हे. ‘तू मुद्दाम करतोस’ याऐवजी ‘हे आपल्याकडून का राहतंय?’ असं विचारलं, तर भांडण एकमेकांशी न राहता अडचणीशी होतं.