प्रयोगवहीतील पाच शीर्षके

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे आणि अनुमान. शाळेच्या प्रयोगवहीतील ही शीर्षके आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. ‘प्रयोग केला, उत्तर बरोबर आले, मग एवढे लिहायचे कशाला?’ असे विद्यार्थी हमखास विचारतात. खरे सांगायचे तर आम्हां संशोधकांनाही शोधनिबंध लिहिताना हाच कंटाळा येतो. आमची शीर्षके थोडी वेगळी असतात, इतकेच: प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा. विद्यार्थ्यांच्या या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील एका डॉक्टरच्या हकिकतीत सापडते.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरियन डॉक्टर 1846 साली व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये प्रसूतिविभागात साहाय्यक म्हणून रुजू झाला. तेथे दोन कक्ष होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. 1846 साली पहिल्या कक्षात 4,010 बाळंतपणे झाली व 459 स्त्रिया दगावल्या. दुसऱ्यात 3,754 बाळंतपणांमागे 105 मृत्यू झाले. म्हणजे एकीकडे शेकडा 11 हून अधिक, तर दुसरीकडे शेकडा 3 हून कमी. मृत्यूचे मुख्य कारण होते सूतिकाज्वर. ही गोष्ट शहरात सर्वांना ठाऊक होती आणि पहिल्या कक्षात दाखल करू नका म्हणून स्त्रिया रडून विनवण्या करीत.

सेमेलवाइसने एकेक कारण तपासले. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या कक्षातही होती. हवा म्हणावी, तर दोन्ही कक्ष शेजारी शेजारी. मार्च 1847 मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले. शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याच्या हातातील चाकू त्यांना लागला होता. त्यांच्या शरीरात दिसलेली लक्षणे सूतिकाज्वराच्या लक्षणांसारखीच होती. सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी व डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत होते. सुइणी शवविच्छेदन करीत नव्हत्या. मे 1847 पासून त्याने प्रत्येकाला क्लोरिनच्या पाण्याने आणि पुढे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. 1848 साली पहिल्या कक्षात 3,556 बाळंतपणांमागे 45 मृत्यू झाले. दोन कक्षांतील फरक जवळजवळ नाहीसा झाला.

प्रयोगवहीच्या भाषेत बोलायचे तर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, अनुमान हे सारे सेमेलवाइसपाशी तयार होते. राहिले होते ते फक्त लिहिणे, आणि तेच त्याने केले नाही. मला लिहिण्याचा उपजत तिटकारा आहे, अशी कबुली त्याने स्वतःच पुढे दिली.

त्याच्या वतीने मित्रांनी टिपणे छापली, पत्रे लिहिली. दुसऱ्याच्या तोंडून जाणाऱ्या निरोपाचे जे होते, तेच येथेही झाले. प्रेताला लागलेल्या हातांनीच हा रोग होतो, असे सेमेलवाइसचे मत आहे, असा अनेकांचा समज झाला. ‘आमच्याकडे शवविच्छेदन न करणाऱ्यांच्या हातूनही सूतिकाज्वर होतो,’ असे सांगून त्यांनी ते मत बाजूला सारले. वस्तुतः जिवंत रुग्णाच्या सडलेल्या जखमेतूनही हा संसर्ग पोचतो, हे सेमेलवाइसने 1847 सालीच पाहिले होते. पण त्याच्या स्वतःच्या शब्दांत, आकड्यांसह, ते कोणाच्या टेबलावर नव्हते. 1850 साली त्याने व्हिएन्नाच्या वैद्यकसभेत व्याख्यान दिले आणि त्याच वर्षी तो शहर सोडून पेस्टला निघून गेला.

अखेर 1861 साली त्याचा जर्मन ग्रंथ आला. पाचशेहून अधिक पाने! त्यातील तक्ते आजही वाचण्याजोगे आहेत. परंतु त्याच त्या मुद्द्यांची पुनरुक्ती आणि विरोधकांवरील टीका यांच्या भाराखाली ते दबून गेले. पाठोपाठ त्याने प्राध्यापकांना खुली पत्रे लिहून खुनी ठरवले. निरीक्षणे आणि संताप एकत्र झाले, की वाचकाला संताप आधी दिसतो. 13 ऑगस्ट 1865 रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी, सेमेलवाइस व्हिएन्नात मनोरुग्णालयात मरण पावला.

त्याच्या आदल्याच दिवशी, 12 ऑगस्टला, ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या 11 वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लाची पट्टी बांधली. सेमेलवाइसचे काम त्याला तेव्हा माहीत नव्हते. 1867 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची लेखमाला आली. आधी प्रश्न मांडला: हाड मोडून वर जखम झाली की ती का चिघळते? मग पाश्चरच्या शोधांचा आधार आणि पट्टी कशी बांधायची त्याची कृती. पुढे 11 रुग्णांची एकामागून एक हकिकत, आणि त्यांत ज्याचा पाय कापावा लागला तो रुग्ण व जो दगावला तोही रुग्ण. विरोध लिस्टरलाही झाला. पण कोपनहेगनमधील वा जर्मनीतील डॉक्टर त्याची कृती वाचून स्वतः करून पाहू शकत होते, आणि त्यांनी ती करून पाहिली.

सारा दोष सेमेलवाइसच्या लेखणीवर टाकणे अन्यायाचे होईल. त्याच्या वेळी रोगजंतूंचा सिद्धांत प्रस्थापित झालेला नव्हता आणि आपल्याच हातांनी रुग्ण मरतात हे मान्य करणे कोणत्याही डॉक्टरला जड जाते. 1848 सालीच नीट लेख आला असता, तर सर्वांनी तो मान्य केला असता असेही नाही. मात्र ज्याला पडताळून पाहायचे होते, त्याच्या हाती काहीतरी पडले असते. अनेक वर्षे तेवढेही नव्हते. त्या काळात युरोपभरच्या प्रसूतिकक्षांत स्त्रिया मरत राहिल्या.

प्रयोगवही तपासताना आपण बहुधा उत्तर बरोबर आहे का ते पाहतो. एकदा असे करून पाहावे: एका विद्यार्थ्याची वही दुसऱ्याला द्यावी आणि केवळ त्यातील ‘कृती’ वाचून प्रयोग करायला सांगावा. जेथे तो अडेल, तेथे लिहिणाऱ्याने काय गाळले ते दोघांनाही कळेल. चुकलेले निरीक्षण खोडू नये, हेही त्याच तासाला सांगता येईल. आम्हीही आमच्या प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्यांना पहिला मसुदा असाच शेजारच्याला वाचायला द्यायला सांगतो.