दादोबा पांडुरंग : सुरतेपासून स्वीडनबॉर्गपर्यंत

व्याकरणकार म्हणून दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) महाराष्ट्राच्या शाळाशाळांत पोहोचले. धर्मचिंतक दादोबांची तितकी विचारपूस झाली नाही. त्यांच्या या चिंतनाची दोन टोके आहेत. पहिले सुरतेस, १८४४ साली. दुसरे लंडनमध्ये १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात. पहिल्या ठिकाणी ते रूढींवर प्रहार करणारे सुधारक, तर दुसऱ्या ठिकाणी एका ख्रिस्ती साक्षात्कारी पुरुषाचे आस्थेवाईक वाचक दिसतात. प्रथमदर्शनी यात विसंगती भासते. माझ्या मते ती नाही.

सुरतेत लंडन मिशनरी सोसायटीचे कार्य १८१५ मध्ये सुरू झाले होते. गुजरातीत बायबल छापून वाटले जात होते आणि परमेश्वराचे ज्ञान कोणत्या ग्रंथातून मिळते, हा प्रश्न गावात खुलेपणाने विचारला जाऊ लागला होता. मिशनरी एक ग्रंथ दाखवीत, शास्त्री दुसरा. तेथील इंग्रजी शाळेत शिकविणाऱ्या दादोबांनी १८४३ मध्ये ‘धर्मविवेचन’ लिहिले. ते प्रसिद्ध व्हावयास मात्र १८६८ साल उजाडले. पुढे २२ जून १८४४ रोजी दुर्गाराम मंछाराम मेहताजी प्रभृतींच्या सहकार्याने मानवधर्म सभा स्थापन झाली. ईश्वर एक, मनुष्यमात्राचा धर्म एक, योग्यता जन्मावर नव्हे तर गुणांवर, ही तिची भूमिका. दुर्गारामांनी तर मांत्रिकांना जाहीर आव्हान दिले. सभेने मिशनरी व शास्त्री या दोघांचाही एकाधिकार नाकारला. परंतु ईश्वर मनुष्याला ज्ञान देतो, हे नाकारले नाही. ते कोणा एका जातीला वा पंथालाच देतो, एवढेच तिला अमान्य होते.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे १८७८ चे पुस्तक अनपेक्षित वाटत नाही. इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग (१६८८–१७७२) हा स्वीडनचा शास्त्रज्ञ, तेथील खाणखात्याचा अधिकारी. पन्नाशी उलटल्यावर त्याला दर्शने होऊ लागली आणि शास्त्रीय लेखन सोडून तो धर्माकडे वळला. ईश्वरी प्रेम व ज्ञान यांवरील त्याचा ग्रंथ १७६३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे निघाला. मनुष्यापाशी स्वतःचे असे ज्ञान नाही. ते ईश्वराकडून अखंड वाहत येते आणि मनुष्य हे केवळ त्याचे पात्र होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. प्रेम संकल्पशक्तीत उतरते, ज्ञान बुद्धीत. पण आपण शहाणे आहोत आणि तेही आपल्याच बळावर, असे मानणाऱ्याचे पात्र पालथे होते. ज्ञान उणे असेल त्याने देवापाशी मागावे, हा याकोबाच्या पत्रातील उपदेश ख्रिस्ती घरांत परिचित आहेच; स्वीडनबॉर्गने त्याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. (मराठी बायबलमध्येही येथे ‘ज्ञान’ हाच शब्द येतो, आपल्याकडे तो माहितीलाही लावतात आणि आत्मबोधालाही, त्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो.)

याच स्वीडनबॉर्गने ख्रिस्ती मंडळीबाहेरच्या सज्जनांनाही स्वर्गाचे दार मोकळे आहे असे १७५८ मध्येच लिहून ठेवले होते. मानवधर्म सभेच्या संस्थापकाला यात आपलाच जुना विचार परक्या वेषात भेटला असावा, असा माझा तर्क आहे. दादोबांनी आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच हे एका हिंदू गृहस्थाचे चिंतन असल्याचे सांगितले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. घेतलेल्या ज्ञानाचे ऋण मान्य करावयाचे आणि आपली जागा सोडावयाची नाही, ही भूमिका त्या काळी सोपी नव्हती. दोन्हीकडच्या लोकांना ती अर्धवट वाटण्याचीच शक्यता अधिक.

दादोबांना एक दोष मात्र द्यावा लागेल. सुरतेची सभा उघड होती. मुंबईत १८४९ च्या सुमारास उभी राहिलेली परमहंस मंडळी गुप्त राहिली. जातिभेद मोडावयाचा, पण तो दाराआड. आणि गुप्तता फुटताच मंडळी विस्कटली. ज्ञान घेण्यास ही मंडळी मोकळी होती, ते चारचौघांत सांगण्यास नव्हती. धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला, तो उघडपणे.

दादोबांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी १९४७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. त्याच्या जोडीला महीपतराम रूपराम यांचे गुजराती दुर्गाराम-चरित्र (१८७९) वाचावयास हवे. सुरतेच्या सभेतील चर्चांची हकीकत दुर्गारामांच्या रोजनिशीच्या आधारे त्यात आली आहे, आणि मराठी अभ्यासकांचे तिकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.