पडद्यावरचे भाभा

श्रोतेहो, विठ्ठलवाडीच्या शाळेतला एखादा मुलगा विचारील, "गुरुजी, भाभांशी भांडणारे ते रझा खरे का हो?"

२०२२ साली 'रॉकेट बॉइज' ही मालिका आली. तीत जिम सर्भ यांनी डॉ. होमी भाभा रंगवले, आणि झकास रंगवले! रझा मात्र कल्पित. पुष्कळांना त्या पात्रात मेघनाद साहांची छाया दिसली, आणि इथंच घोटाळा होतो. पडद्यावरचं वैर पोरांच्या लक्षात राहतं, खरा वाद मागे पडतो. खेड्यातल्या दुकानदाराचे पुत्र असलेल्या साहांनी १९५४ साली लोकसभेत अणुकार्यातील गुप्ततेवर टीका केली होती. तो प्रश्न काही कल्पित नव्हे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेची 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली. साहा त्याच फेब्रुवारीत निवर्तले होते.