सहा महिन्यांनी मिटणारे पान

सिकल सेल आजाराचा इतिहास बहुतेक वेळा तीन सालांत सांगून संपतो. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी दिसल्याची नोंद प्रसिद्ध केली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या फरकामुळे होतो हे दाखवले. 1957 मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इंग्रॅम यांनी तो फरक नेमका कुठे आहे हे शोधले: बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एका जनुकात एक अक्षर बदलले आणि त्यातून एक आजार उभा राहिला, असा या कथेचा सारांश. तो खराच आहे, पण अर्धा. रुग्णांच्या रोजच्या जगण्यात ज्या औषधाने सर्वांत मोठा फरक पडला ते हायड्रॉक्सियुरिया त्या चुकलेल्या अक्षराला हात लावत नाही, आणि 2023 मध्ये मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा पहिला उपचारही लावत नाही. दोन्ही उपाय वेगळ्याच प्रश्नातून आले आहेत: जनुकात काय लिहिले आहे हा नव्हे, तर ते केव्हा आणि किती वाचले जाते हा. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास बाळंतिणींच्या वॉर्डात सुरू होतो आणि अरबस्तानचा पूर्व किनारा, ओडिशा, विदर्भ असा फिरून प्रयोगशाळेत पोहोचतो. माझ्या मते सिकल सेलच्या संशोधनाचा मुख्य प्रवाह तोच आहे.

त्याची सुरुवात 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाली. जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकन वंशाच्या नवजात बाळांचे रक्त तपासले. ज्या बाळांना आईवडिलांकडून सिकलचा वारसा मिळाला होता, त्यांच्याही रक्तात विळ्याच्या आकाराला जाणाऱ्या पेशी फार थोड्या होत्या, आणि महिने उलटत गेले तशा त्या वाढत गेल्या. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते आणि ते हळूहळू ओसरते, हे तेव्हा ठाऊक होते. वॉटसन यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या: गर्भातल्या हिमोग्लोबिनला हा दोष नाही, आणि ते जोवर पुरेसे आहे तोवर बाळ सुरक्षित आहे. पॉलिंग यांचा निबंध यायला अजून एक वर्ष होते, डीएनएची रचना कळायला पाच. तरीही उपचाराची दिशा त्या एका निरीक्षणात स्पष्ट होती. शरीराजवळ आजाराचा तोड जन्मापासूनच असतो आणि ते स्वतःच तो दूर सारते. तो दूर सारला गेला नाही तर?

हा प्रश्न तेव्हा पुढे सरकू शकला नाही, कारण जनुक चालू-बंद होते म्हणजे नेमके काय होते हे सांगणारी भाषाच नव्हती. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची सगळी पोथी असते. पण यकृताच्या पेशीत तिचे वेगळे अध्याय उघडतात, मेंदूच्या पेशीत वेगळे. जो अध्याय उघडतो त्याची आरएनएच्या रूपात नक्कल होते, आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. अध्याय कोण उघडते, कोण मिटते, याचे पहिले नेमके उत्तर 1961 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आले. फ्रान्स्वा जाकॉब आणि जाक मोनो आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूवर काम करत होते. दुधातली साखर समोर नसेल तर हा जिवाणू ती पचवणारी प्रथिने बनवत नाही, साखर आली की बनवू लागतो. त्यांनी दाखवले की एका जनुकापासून बनलेले प्रथिन दुसऱ्या जनुकांना आवरून धरते. म्हणजे काही जनुकांचे कामच इतर जनुकांवर पहारा ठेवण्याचे असते. 1965 मध्ये त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल मिळाले. जिवाणूच्या साखरेचा माणसाच्या रक्ताशी काय संबंध, असे कुणाला वाटेल. पण हिमोग्लोबिनचा पहारेकरी कोण, हा प्रश्न विचारता येण्याजोगा झाला तो या कामामुळेच.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. गर्भात मात्र बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. तिचे हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरते, म्हणून आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो. अकराव्या गुणसूत्रावर ही जनुके एका ओळीत बसली आहेत: आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा, शेवटी बीटा. आयुष्यात ती ज्या क्रमाने जागी होतात, साधारण त्याच क्रमाने ती ओळीत आहेत. जन्माच्या सुमारास गॅमाचे पान मिटू लागते आणि बीटाचे उघडते. सहा महिने ते वर्षभरात गॅमा जवळजवळ गप्प होते. सिकलच्या बाळात नेमके उघडणारे पान चुकीच्या अक्षराचे असते. अशा हिमोग्लोबिनमधला प्राणवायू सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ धागे बनतात, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. गॅमा असलेला रेणू त्या धाग्यात नीट बसत नाही, तो धागाच वाढू देत नाही. वॉटसन यांनी पाहिलेल्या संरक्षणामागचे रसायन हेच.

पुढचा पुरावा निसर्गानेच मांडून ठेवला होता. 1950च्या दशकात आफ्रिकेतल्या तपासण्यांत अशी माणसे सापडली, ज्यांच्यात गर्भातले हिमोग्लोबिन मोठेपणीही आनुवंशिकतेने टिकून होते. त्यात सिकलचा वारसाही आलेली माणसे बहुतेक ठणठणीत होती. भारतात सिकलची पहिली ठळक नोंद 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत झाली आणि 1958 मध्ये नागपूरहून मध्य भारताची. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत आणि विदर्भातल्या अनेक अनुसूचित जातींत हे जनुक किती पसरले आहे, हे पुढच्या दशकांत गावोगाव हिंडून रक्त तपासणाऱ्यांमुळे कळले. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत हे काम अनेक वर्षे केले; 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दरम्यान 1970च्या दशकात सौदी अरेबियाच्या पूर्व भागात असे रुग्ण आढळले, ज्यांचा आजार आफ्रिकन वंशाच्या रुग्णांच्या मानाने सौम्य होता आणि रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन पुष्कळ होते. 1986 मध्ये ओडिशातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना झाली, तेव्हा तेच चित्र पुन्हा दिसले. जनुकाच्या आसपासच्या खुणा तपासल्यावर भारतातले आणि पूर्व अरबस्तानातले सिकल जनुक एकाच कुळीचे, आफ्रिकेतल्या कुळींहून निराळे निघाले. आणि या कुळीत एका गॅमा जनुकाच्या अलीकडे, 158 अक्षरे आधी, एक लहानसा फरक सापडला. तो प्रथिनाच्या मजकुरात नाही, मजकुराच्या आधीच्या समासात आहे. आजार घडवणारे अक्षर दोन्हीकडे तेच; वेगळी होती ती त्याच्या शेजारच्या जनुकाची अभिव्यक्ती. एकाच आजाराची दोन रूपे का, याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकात फार थोडे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो विदर्भातूनच येतो. भारतीय सिकल जर सौम्य, तर नागपूरच्या बालरुग्ण वॉर्डांत वारंवार झटके येणारी, रक्त चढवावे लागणारी, प्लीहा सुजलेली मुले का दिसतात? तिथल्या डॉक्टरांनी हे वारंवार नोंदवले आहे की गर्भातले हिमोग्लोबिन चांगले असूनही अनेक मुलांचा आजार तीव्र असतो. आक्षेप खरा आहे. ‘सौम्य’ या शब्दाने या मुलांचे नुकसानच केले, कारण सौम्य म्हटलेल्या आजाराकडे लक्ष उशिरा जाते. पण त्यातून अभिव्यक्तीचा मुद्दा खोटा ठरत नाही, तो अधिक बारीक होतो. गर्भातले हिमोग्लोबिन सरासरीने किती आहे यापेक्षा ते किती पेशींत आणि प्रत्येक पेशीत किती आहे, याला महत्त्व असते. काही पेशी भरलेल्या आणि बाकीच्या रित्या असतील, तर टक्केवारी चांगली दिसते पण रित्या पेशी वाकतातच. शिवाय अनेक आदिवासी समाजांत अल्फा साखळीची कमतरताही बरीच आढळते. तीही आजाराचे रूप बदलते, आणि ती सर्व समाजांत सारखी नाही. त्यावर कुपोषण, हिवताप, जंतुसंसर्ग आणि दवाखान्यापर्यंतचे अंतर आहेच. जनुकाची अभिव्यक्ती हे एकमेव कारण आहे असा माझा दावा नाही. ज्याला औषधाने हात घालता येतो असे सर्वांत मोठे कारण ते आहे, एवढाच आहे.

तसा हात पहिल्यांदा 1982 मध्ये घातला गेला. गप्प बसलेल्या अनेक जनुकांवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा असतात. ॲझासायटिडिन हे औषध त्या पुसते. रक्तक्षय घडवलेल्या बबून माकडांना ते दिल्यावर त्यांच्यात गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागले. त्याच वर्षी थॅलेसिमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आजाराच्या तीव्र रुग्णातही ते वाढल्याची नोंद झाली. मिटलेले पान उघडता येते, याचा हा पहिला पुरावा. पण लगेच वाद उभा राहिला: खुणा पुसल्यामुळे हे झाले, की औषधाने वाढत्या पेशी मारल्या आणि अस्थिमज्जेने घाईने नव्या, अजून गॅमा बनवणाऱ्या पेशी पुढे धाडल्या? हे तपासायला मिथाइल खुणा न पुसणारे पण पेशींची वाढ रोखणारे औषध हवे होते. त्यासाठी हायड्रॉक्सियुरिया निवडले गेले, जे रसायन म्हणून 1869 पासून माहीत होते. 1984 मध्ये सिकलच्या रुग्णांत त्यानेही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवले. 1995 मध्ये 299 प्रौढ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत वेदनांच्या झटक्यांचा मध्यक औषध न मिळालेल्या गटात वर्षाला 4.5 आणि औषध घेणाऱ्यांत 2.5 निघाला, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवून निष्कर्ष जाहीर करण्यात आला. 1998 मध्ये औषधाला मान्यता मिळाली. ते नेमके कसे काम करते यावरची चर्चा अजून मिटलेली नाही. यंत्रणा पुरती न कळताही रुग्णाला बरे वाटू शकते, आणि त्यात संशोधनाला कमीपणा नाही.

पहारेकरी मात्र जाकॉब आणि मोनो यांच्या मार्गानेच सापडला. 2007 आणि 2008 मध्ये युरोपातल्या आणि सार्डिनियातल्या लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाची तुलना झाली. ज्यांच्यात गर्भातले हिमोग्लोबिन थोडे जास्त राहते त्यांच्यात फरक कुठे आहे, याचा शोध दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल11ए या जनुकाशी येऊन थांबला. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने 2008 मध्ये दाखवले की या जनुकाचे प्रथिन गॅमाला दाबून ठेवते. 2011 मध्ये सिकल असलेल्या उंदरांच्या रक्तपेशींतून हा पहारेकरी काढल्यावर त्यांचा आजार आटोक्यात आला. 2018 मध्ये कळले की हे प्रथिन गॅमाच्या समासात, 115 अक्षरे आधी, येऊन चिकटते. आणि गर्भातले हिमोग्लोबिन आयुष्यभर टिकवणाऱ्या काही घराण्यांत नेमकी तीच जागा बिघडलेली असते. त्या माणसांच्या ठणठणीतपणाचा एक अर्थ असा सहा दशकांनी उलगडला.

मग चुकलेले अक्षरच का दुरुस्त करू नये, असे विचारता येईल. तसे प्रयत्न सुरू आहेत आणि ते व्हायला हवेत. पण शेजारच्या थॅलेसिमियाकडे पाहिले की गॅमाच्या वाटेचे मोल कळते. सिकलमध्ये अक्षर एकच चुकते. बीटा थॅलेसिमियात शेकडो वेगवेगळ्या चुका आहेत, आणि उल्हासनगरच्या सिंधी वसाहतीतल्या कुटुंबांपासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत त्यांचे प्रकार बदलतात. प्रत्येक चुकीची वेगळी दुरुस्ती करण्यापेक्षा गॅमाचे पान उघडणे सगळ्यांना लागू पडते. म्हणूनच नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मान्य केलेला कॅसजेव्ही हा उपचार दोन्ही आजारांसाठी आहे. रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून बीसीएल11ए ज्यामुळे तांबड्या पेशींत जागे होते तेवढाच भाग कापतात, आणि तीव्र औषधाने मज्जा रिकामी करून त्या पेशी परत देतात. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठरली.

त्या किमतीत गडचिरोलीच्या मुलाला काय, हा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. अभिव्यक्तीचे जे ज्ञान या महाग उपचारात आहे, तेच एका स्वस्त कॅप्सूलमध्येही आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरियाचा कमी आणि ठरलेला डोस, किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, देऊन 2012 मध्ये झटके आणि रक्त चढवण्याची गरज दोन्ही घटल्याचे दाखवले. डोस चढवत नेताना लागणाऱ्या वारंवार रक्ततपासण्या जिथे शक्य नाहीत, तिथे हे मोलाचे आहे. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. गावातल्या शिबिरांत वापरतात ती साधी सोल्युबिलिटी चाचणी मोठ्यांसाठी चालते, पण नवजात बाळात चकवते: जी गॅमा त्या बाळाला सांभाळते, तीच चाचणीपासून त्याचा आजार लपवते. म्हणून बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबाची, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर तपासणी लागते, आणि ती जन्मानंतर लगेच व्हावी लागते, कारण पेनिसिलिन, लसी आणि प्लीहा सुजली तर कसे ओळखायचे याची आईला समज, हे सगळे गॅमाचे पान मिटण्याआधी त्या घरात पोहोचायला हवे.